मास्तर आण

नाही, नाही, माझ्या हाताचं राहू द्या हो मॅडम — तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, माणसाच्या हाताला काय लावणार? फडकं बांधलंय, पुरे आहे. कुत्र्याचं बघा. म्हणजे बघायचंही काही नाही, ती झोपेची सुई द्या नि मोकळे व्हा. चावरं कुत्रं घरात ठेवायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? आज मला चावलं, उद्या शेजारच्याला चावेल, परवा रस्त्यावरच्या पोराला. मग लोक दारात येणार, माझ्या धंद्याचं नाव खराब होणार. — असं काय बघताय? हां, गोंडस आहे, मान्य. सगळेच म्हणतात. लॅब्राडोरचं पिल्लू म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. ते मऊ कान, ते ओलं नाक, आणि शेपूट तर बघा, मरायला आणलंय तरी टेबलावर धपाधप आपटतंय. मूर्ख आहे. आता तोंड कशाला उघडताय त्याचं? दात आहेत, मोजायचे काय त्यात? हो, वरचे सुळे पडलेत. दुधाचे पडतातच ना या वयात. आमची पोरगी गोळा करते ते, काड्यापेटीत कापूस घालून ठेवते. नवे फुटतायत अर्धे अर्धे. म्हणून काय झालं? उरलेल्यांनी चावला.

वजन? वजन कशाला? — अच्छा, औषध वजनावर ठरतं. बरं. मग इथेच करा ना. — बाहेरच्या काट्यावर? न्या. अहो मावशी, साखळी अशी नाही धरायची, अशी धरा, मुठीत. ओढला की एक झटका द्यायचा, आपोआप सरळ येतो. माझ्याकडे बघा, असा झटका — बघितलंत? कुंईसुद्धा केलं नाही. सवय आहे त्याला. आणि बाहेर बाकावर आमची मंडळी बसलीत, पोरगी नि तिची आई — पोरीच्या हातात देऊ नका हं. लगेच गळ्यात पडेल, रडारड करेल. न्या, न्या.

बसू का? उभा राहून पाय दुखतात. दिवसभर गाडीत बसायची सवय. — मॅडम, तुम्ही ओळखलं नाहीत मला? मी तुम्हाला दारातच ओळखलं. तुम्ही माझ्याच हाताखाली शिकलात गाडी! कॉलेजात होतात तेव्हा. दोन वेण्या होत्या. रिव्हर्स घेताना हमसून हमसून रडायचात, आठवतं का? नि मी म्हणायचो, रडून आरसा दिसत नाही, आधी डोळे पुसा. आता बघा, एवढी मोठी डॉक्टर. बाहेर ती निळी गाडी तुमचीच ना? किती सरळ लावलीय! हे कोणाचं श्रेय? — माझं. पट्टी मारायचो मी बोटांवर, गियरच्या दांडीवर हात रेंगाळला की. लाकडी पट्टी. राग आला असेल तेव्हा. पण आजवर एकदा तरी ठोकलीत का गाडी? नाही ना? मग? गावात ज्याला ज्याला गाडी चालवता येते, त्यातला अर्धा गाव माझ्या पट्टीखालून गेलाय. माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. शिकणारा घाबरला, चुकला, समोरून ट्रक आला — मी नुसता पाय दाबतो. माझ्या पायाखाली ब्रेक आहे तोवर कुणाला काही होत नाही. हे मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. घरातही हेच सांगतो.

तर हे पिल्लू. एका विद्यार्थ्याने दिलं, लायसन्स मिळाल्याच्या आनंदात. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. मी म्हटलं, द्या, घराला राखण होईल. नाव ठेवलं टायगर. पोरगी त्याला मऊ म्हणते. मऊ! कुत्र्याचं नाव आहे का हे? मऊ म्हणून हाक मारली तर चोर हसत हसत घरात येईल आणि जाताना त्याला कडेवर घेऊन जाईल. पहिल्या दिवशीच सांगितलं, या घरात लाड नाहीत. लॅब्राडोर जात म्हणजे पोट आधी, डोकं नंतर — पण खाण्यासाठी काहीही शिकतं, हा तिचा गुण. आणि शिकवणं हा तर माझा धंदाच. माणसं शिकवली, जनावर काय मोठंसं?

हॉलमध्ये मुतला, नाक घासलं त्यात. दुसऱ्यांदा मुतला, पुन्हा घासलं, नि बाथरूममध्ये कोंडला. तिसऱ्यांदा दारापाशी जाऊन उभा राहिला, स्वतःहून! लोक महिनोन् महिने घालवतात हो, वर्तमानपत्रं अंथरतात, पुस्तकं वाचतात, इंटरनेटवर बघतात. खेळता खेळता बोटं चावायचा — जबडा मुठीत धरला नि ओठ त्याच्याच दातावर दाबला, कळवळेपर्यंत. बंद. जन्मात पुन्हा हात तोंडात घेतला नाही. चपला, सोफा, पोरीची वह्या-पुस्तकं — कशाला म्हणून तोंड लावत नाही. बिस्किट समोर ठेवायचं नि म्हणायचं, थांब. की थांबला. एकदा मी थांब म्हटलं नि फोन आला, बोलता बोलता खाली गेलो, एक शिकवणी घेऊन परत आलो — तर हा तिथेच! समोर बिस्किट, खाली लाळेचं तळं, नि हा थरथरतोय पण बसलेला. पोरगी शेजारी बसून रडतेय. म्हणते, बाबा, मी किती वेळा म्हटलं खा, पण तो माझं ऐकत नाही, तुमचंच ऐकतो. मी म्हटलं, हेच तर शिक त्याच्याकडून!

आणि तोंड किती हलकं त्याचं, तुम्हाला खरं वाटणार नाही. अंडं — कच्चं अंडं हो — स्वयंपाकघरातून उचलून हॉलमध्ये आणून माझ्या हातात देतो. तडा नाही, चरा नाही. पाहुणे आले की हा आमचा खेळ. टाळ्या पडतात. — हं? — नाही, ते वेगळं. अंडं वेगळं नि चावणं वेगळं. जनावराचा काय भरवसा? आज अंडं, उद्या हात.

सुई भरायला इतका वेळ लागतो का? नाही, सहज विचारलं. करा सावकाश.

तर पाहुण्यांचं सांगत होतो. अंड्यापेक्षा मोठा खेळ दुसराच. 'मास्तर आण'. तुम्हाला मास्तर माहीत नसणार. आमची जुनी गाडी भंगारात दिली ना, तुम्ही शिकलात तीच, पांढरी — तिचा सीटबेल्ट मी कापून ठेवला. माझ्या बाजूचा. एवढा लांब, चिवट, नि टोकाला ती लोखंडी जीभ, खटकन अडकते ती. हा आमचा मास्तर. घरात खुंटीवर असतो. कोणी चुकलं की मी स्वतः उठत नाही — मी म्हणतो, मास्तर आणा. ज्याने चूक केली त्यानेच उठायचं, काढायचा, माझ्या हातात द्यायचा. वडिलांची पद्धत आमच्या. त्यांची वेताची छडी होती, आम्हीच आणून द्यायचो. त्यात अर्धी शिक्षा असते मॅडम. खुंटीपर्यंत चालत जायचं नि परत यायचं — त्या चालण्यातच माणूस सुधारतो. लागतं किती हा प्रश्नच नाही. मी मारत नाही हो, मी शिकवतो. लोखंडी बाजू मी शक्यतो हातातच ठेवतो. शक्यतो.

ही पोरगी काय करायची, मास्तर लपवायची. चपलांच्या कपाटात, गादीखाली, एकदा तर तांदळाच्या डब्यात. लपवलास तर दुप्पट, हे माहीत असून. जिद्दी आहे, आजीवर गेलीय. मी शोधत बसायचो, राग डोक्यात चढायचा — आणि मग मला सुचलं. घरात एवढं मोठं नाक आणून ठेवलंय, ते कशाला? टायगरला मास्तरचा वास दिला. बिस्किट दिलं. लपवला, शोध म्हटलं, बिस्किट दिलं. आठवडाभरात असा तरबेज झाला की विचारू नका. मास्तर आण म्हटलं की सुटला! कुठेही ठेवा — तांदळात ठेवा, टाकीमागे ठेवा, तिने दप्तरात घालून शाळेत न्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं — हा हुंगत हुंगत जाणार, तोंडात धरणार, ती लोखंडी जीभ जमिनीवरून खणखण वाजवत येणार, माझ्या पायाशी बसणार, मी म्हणणार, सोड, की अलगद हातात. आणि शेपूट असं हलवतोय, असं हलवतोय, जसं काही बक्षीस घेऊन आलाय! त्याला काय माहीत कशासाठी आणलंय ते. त्याला बिस्किट माहीत. एकदा तर त्यालाच मारायचं होतं, दूध सांडलं होतं — तरी म्हटलं, मास्तर आण, तर गेला पळत, आणला, नि दिला हातात. मारला तरी पुन्हा बिस्किटाची वाट बघतोय. मी इतका हसलो! बायकोला म्हटलं, बघ, याला म्हणतात विद्यार्थी.

नाही, तिची आई काही बोलत नाही. आमच्या घरात आवाज एकच. तिला मी गाडीसुद्धा शिकवायला घेतली होती, लग्नानंतर नवी नवी असताना. लोक म्हणायचे, मास्तरांची बायको नि गाडी येत नाही? दिव्याखाली अंधार. म्हणून घेतली. पण डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ. क्लच एकदम सोडायची. धाडकन बंद. भर चौकात, मागे पुढे गाड्या, सगळे हॉर्न वाजवतायत, ओळखीचे लोक बघतायत — मी दिली एक, तिथेच, काच उघडी होती, नि म्हटलं, उतर, चालत ये घरी. आली चालत. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. आता बघा, गाडी उन्हात आहे, काचा खालीवर करायला किल्ली लागते म्हणून तिच्याकडे देऊन आलोय. दुसऱ्या कोणाला दिली असती? जीव गेला तरी देत नाही. पण तिच्याकडे किल्ली म्हणजे आंधळ्याच्या हातात दुर्बीण. निर्धास्त.

गाडीवरून आठवलं. हल्लीची पोरंपोरी काय शिकतात मॅडम, काही शिस्तच नाही. शेवटची शिकवणी संपवून मी गाडी लावतो, सकाळी बघतो तर सीट पुढे ओढलेली. कोणीतरी बुटकी मुलगी असणार. बरं ओढलीस तर ओढलीस, मागे कर! मी पाय टाकतो तर गुडघा आपटतो. नि मागच्या सीटवर कुत्र्याचे केस. मी टायगरला गाडीत कधी घेत नाही, घाण होते. म्हटलं पोरीच्या फ्रॉकला चिकटून येत असतील. त्याबद्दल तिला एकदा मास्तर मिळाला. पण आज मजाच झाली. आज पहिल्यांदाच आणला ना त्याला गाडीतून, मला वाटलं घाबरेल, ओढावा लागेल — तर मी दार उघडलं नि हा उडी मारून मागच्या सीटवर, खिडकीशी, ऐटीत! जसं काही रोजचंच.

हो, सांगतो ना, रविवारचंच सांगतो. तेच सांगायला आलोय.

रविवारी सकाळी पोरीने काच फोडली. मुद्दाम नाही फोडली, पण फुटली ना? मी पेपर वाचत होतो. मी आवाजही चढवला नाही. म्हटलं, टायगर, मास्तर आण. गेला. आतल्या खोलीतून खणखण ऐकू आली. आला. तोंडात मास्तर. नि माझ्यासमोरून — मॅडम, माझ्यासमोरून, माझ्या गुडघ्याला घासून — पुढे गेला, नि पोरीच्या पायावर जाऊन बसला. तिच्या पायांवर. मी म्हटलं, इकडे. नाही. मी म्हटलं, टायगर, सोड. नाही! खाली मान घालून, डोळे वर करून माझ्याकडे बघतोय, शेपूट नाही, काही नाही, नि जबडा घट्ट. मी पोरीकडे बघितलं, तर तिच्या तोंडावर — काय सांगू तुम्हाला — हसू नव्हतं ते, पण मला कळलं. हिने शिकवलंय. माझ्या पाठीमागे, मी शिकवणीला गेलो की, माझंच कुत्रं, माझीच बिस्किटं, नि ही त्याला उलटं शिकवत होती! मास्तर मिळाला की माझ्याकडे ये, नि कोणीही म्हणो, सोडू नको. दहा वर्षांची पोर! कोणी अक्कल दिली हिला? रोज थोडं थोडं शिकवलं असणार, असं एका दिवसात येत नाही. मला धंदा माहीत आहे.

मी उठलो. पट्ट्याचं एक टोक धरलं नि ओढलं. तो घसरत आला, फरशीवर नखं करकरत, पण सोडेना. मी लाथ घातली. बरगडीत. तो ओरडला — पण तोंड मिटूनच ओरडला मॅडम, आतल्या आत, असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सोडेना. दुसरी घातली. सोडेना. मग माझं डोकं फिरलं. फिरणारच! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं म्हणतात, पण मी ते सरळ करून दाखवलं होतं, गावाला दाखवलं होतं, नि आता माझ्याच घरात, बायकोपोरीसमोर, पाच महिन्यांचं पिल्लू मला नाही म्हणतंय? मी गळ्यातली साखळी धरली नि उचलला. वर. पाय जमिनीवरून सुटेपर्यंत. म्हटलं, आता सोडशील. आता श्वासासाठी तरी तोंड उघडशील. जीभ निळी पडायला लागली, मागचे पाय हवेत सायकल मारतायत — नि दातात मास्तर तसाच! घट्ट! मी म्हणतोय, सोड, सोड, सोड —

आणि मग चावला.

— कसा म्हणजे? चावला. हाताला. हा इथे, मनगटाच्या वर. — मॅडम, असं काय विचारता? साखळीने धरलेला होता, मान वळवली असेल. — हो, तोंडात पट्टा होता. — हो, मीच म्हटलं, तसाच होता. शेवटपर्यंत होता. मग त्याने... मध्येच कधीतरी सोडला असेल, नि चावला असेल, नि पुन्हा धरला असेल. मला काय घड्याळ लावून बघायला वेळ होता? तुम्ही पोलीस आहात का? फडक्याला हात लावू नका. म्हटलं ना, नको. सोडा — अहो!

...बघितलंत? झालं समाधान? बघा, नीट बघा, चष्मा लावून बघा. सुळ्यांची भोकं नाहीत, माहीत आहे मला. वर एक कमान, खाली एक कमान, कपबशीच्या कडेसारखी. सकाळपासून चार जणांना कुत्रं चावलं म्हणून सांगितलं, कोणी फडकं सोडून बघितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ — दुसऱ्याला काय दाखवायचं? विद्यार्थ्यांना काय सांगू, पोरगी चावली? मेहुणा येऊन विचारेल, का चावली, तर त्याला काय सांगू? एवढीशी पोर हो, माझ्या कमरेला लागते. लटकली हाताला जळवेसारखी. मी झटकली, भिंतीवर आपटली, तरी दात रुतलेलेच. मी ओरडतोय, सोड! दोघांनाही तेच. नि दोघंही सोडत नाहीत. एक इकडे लटकलाय, एक तिकडे. साखळी शेवटी माझ्या हातातून निसटली, तेव्हा कुठे दोघं खाली पडली. एकावर एक. नि माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी, हात पुसतेय पदराला. आली, वाकली, कुत्र्यापुढे हात केला. सोडसुद्धा म्हटलं नाही. त्याने अलगद ठेवला मास्तर तिच्या हातात. अंड्यासारखा. तिने तो घडी केला नि घेऊन आत गेली. त्यानंतर मी तो बघितलेला नाही.

मग आता विचारा, कुत्र्याला का आणलं? तुमच्या मनात तेच आहे. गाडी शिकत होतात तेव्हापासून तुमच्या मनातलं तोंडावर दिसतं, आरशात बघायचात तेव्हा मला दिसायचं. ऐका मग. पोरीला मारून काय होणार? मारलं. पुन्हा मारलं. तिला आता मार लागत नाही, डोळे कोरडे करून बघते माझ्याकडे, तिच्या त्या मऊसारखी. पण चावली ना? बापाला चावली ना? त्याला काहीतरी झालं पाहिजे की नाही? तिला एकदाच कळलं पाहिजे की तू दात लावलास की कोणाचा जीव जातो. तिने इथे बसावं, बाहेर, बाकावर. आत गेलेलं पिल्लू बाहेर येणार नाही, हे तिने बघावं. घरी जाताना नुसती साखळी तिच्या हातात द्यायची. बस. मार नको, ओरडा नको. जन्मात पुन्हा चावणार नाही. याला शिकवणं म्हणतात. — तुम्हाला क्रूर वाटतं? वाटू द्या. तुम्हीच आठवा, पट्टीने बोटं सुजली म्हणून आज गाडी सरळ लागते.

आणि तिच्या आईला पटलं बरं का! मी सांगितलं, त्याला डॉक्टरकडे नेऊन संपवतो — मला वाटलं रडेल. तर म्हणाली, मी फोन करून वेळ घेते. नि म्हणाली, मीही येते, पोरीलाही घेऊ. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी म्हणाली. शहाणी झाली म्हटलं. बराच वेळ बोलत होती तुमच्याशी फोनवर, नाही? काय बोलत होती हो एवढं? वेळ घ्यायला काय, दोन वाक्यं लागतात.

...नाही, काय बोलत होती?

बरं, राहू द्या. ती सुई कुठे आहे? मघापासून तुम्ही हातात बाटलीसुद्धा घेतलेली नाही. नि वजन करायला एवढा वेळ? हत्ती आहे का तो? मावशी! ओ मावशी! — ऐकू येत नाही का त्यांना? — थांबा, मीच बोलावतो. माझा आवाज गेला की जिथे असेल तिथून येतो, जेवण टाकून येतो. टायगर! ...टायगर, ये! ...

हं. बाहेर गोंगाट असेल.

टायगर!

थांबा. हा — हा माझ्या गाडीचा आवाज आहे. स्टार्टर आधी खोकतो, मग लागतो, लाखात ओळखेन. कोण चालू करतंय? किल्ली तर... अहो, काच वर घेत असेल ती. चुकून चालू केली. घाबरेल आता, बघा. — बंद पडली! हा हा, बघा, पडली बंद! क्लच एकदम सोडला. म्हटलं नव्हतं मी? धाडकन सोडते. बावळट आहे हो. बावळट... पुन्हा लावली. पहिला गियर पडला. करकरला नाही. — मॅडम, तुमच्या फाटकाशी चढ आहे ना? चांगला चढ आहे, मी येतानाच बघितला, शिकणाऱ्याच्या हातून तिथे गाडी मागेच येते. आता मागे येईल. येईल बघा. — येत नाहीये. अर्धा क्लच धरलाय तिने. अर्धा क्लच धरून ठेवलाय! हे कोणी शिकवलं हिला? हे मी नाही शिकवलेलं, तिथपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो, हे कोणी —

ती सीट.

ते केस.

सरका. दारातून सरका म्हणतोय ना मॅडम, कडी काढा. तुम्ही माझ्या विद्यार्थिनी आहात, मास्तरांना अडवता? बरं, नका काढू, खिडकी आहे. ए! ए, थांब! उतर खाली! — ती बघा, मागे पोरगी, नि तिच्या मांडीवर तो. टायगर! — बघितलं त्याने. कान हलला. माझ्याकडेच बघतोय. ये! इकडे ये! बिस्किट! — मान फिरवली. पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मान फिरवली हो त्याने! अगं, आरसा बघ, डावीकडून कोणी येतंय का बघ, तिथे कोणी बसलेलं नाही तुझ्या बाजूला, माझी सीट रिकामी आहे, कोण दाबणार — फाटकाशी हळू, ब्रेक! ब्रेक दाब! दाबतोय, मी दाबतोय ना इथून, दाबतोय —

...

खाली काय बघताय, मॅडम? माझ्या पायाकडे काय बघताय?